वायुवाहित संपर्क-त्वचाशोथ

कामाच्या ठिकाणी हवेत तरंगणारी धूळ, धूर, वाफ किंवा फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब त्वचेवर बसल्याने होणारा ॲलर्जीजन्य दाह. यात त्रासदायक पदार्थाला रुग्णाने हात लावलेला असतोच असे नाही. शेजारी दुसराच कोणी तो हाताळत असतो. त्यामुळे खरे कारण पुष्कळदा सुचत नाही आणि साबणाला, घामाला किंवा उन्हाला दोष दिला जातो.

ही विलंबित प्रकारची, म्हणजे संपर्कानंतर उशिराने उमटणारी ॲलर्जी असून ती टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींमार्फत घडते. पदार्थाचे लहान रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात व शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके मानू लागते. या संवेदीकरणाला निदान दहा-बारा दिवस, कधी कित्येक वर्षेही लागतात. मात्र ते झाल्यावर अल्पशा कणांनीही साधारण एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज व बारीक फोड उठतात. मध्ये सुट्टी आली, तर कामाशी असलेला संबंध आणखीच झाकला जातो.

निदानाची किल्ली पुरळाच्या जागांत असते. चेहरा, मान, गळ्याखालचा उघडा भाग आणि हात उन्हाच्या ॲलर्जीतही लाल होतात, पण वरच्या पापण्या, हनुवटीखालची सावलीतली त्वचा व कानामागची जागा तीत बहुधा सुटते. हवेतले कण मात्र तिथेही पोचतात. कॉलर व बाह्यांच्या कडांखाली धूळ साठत असल्याने तेथील दाह अधिक तीव्र असू शकतो.

इपॉक्सी रेझिन (गोंद व लेपांतील कृत्रिम राळ) व ते घट्ट करणारे हार्डनर, सोल्डरिंग करताना उठणारा राळेचा धूर, शिसवीचा भुसा, औषधनिर्मितीतील पेनिसिलिनची भुकटी आणि शेतातील गाजरगवताचे वाळलेले कण ही प्रमुख कारणे होत. भिंतींच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगांतील आयसोथायझोलिनोन हे परिरक्षक (रंग खराब होऊ नये म्हणून घातलेले द्रव्य) रंगकाम संपल्यावरही काही आठवडे हवेत येत राहते, त्यामुळे रंगाशी काहीच संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यालाही त्रास होतो. काचतंतूंनी सुटणारी खाज वेगळी. ती तंतू टोचल्याने होते, ॲलर्जीने नव्हे.

खात्रीसाठी १८९५ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी मांडलेली पॅच चाचणी आजही वापरतात : संशयित पदार्थ पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्यानंतरही काही दिवस त्वचा तपासतात.

स्टेरॉइड मलमाने दाह शमतो, पण संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर टिकते. म्हणून मुखपट्टी व हातमोज्यांवर विसंबण्याआधी पदार्थ बदलणे, प्रक्रिया बंदिस्त करणे आणि धूर उगमापाशीच शोषून घेणे अधिक उपयुक्त ठरते. पदार्थच सौम्य करण्याचे उदाहरण म्हणजे सिमेंट. त्यातील क्रोमियमही ॲलर्जी घडवते, पण सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळल्यास विद्राव्य क्रोमियमचे षट्‌संयुजी रूप कमी घातक त्रिसंयुजी रूपात बदलते. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील या विद्राव्य षट्‌संयुजी क्रोमियमची मर्यादा कोरड्या सिमेंटच्या वजनाच्या दहा लाख भागांत दोन भाग इतकी ठरवली आहे.