जिंगदेझेनच्या चिनी मातीच्या भट्ट्या
जिंगदेझेनच्या भट्ट्या : चीनच्या जियांग्शी प्रांतात चांग नदीकाठच्या जिंगदेझेन शहरातील लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या आणि त्यांच्याशी जोडलेली कारागिरी. १००४ साली सोंग सम्राट झेनझोंगने आपल्या ‘जिंगदे’ कालखंडाचे नाव या गावाला दिले. परिसरातला चिनी दगड (कुटून मातीत मिसळायचा खडक) आणि गाओलिंग या ठिकाणची पांढरी माती यांवर इथला धंदा वाढला, आणि मिंग व छिंग राजघराण्यांच्या काळात शाही भट्ट्याही इथेच होत्या. दरबाराला न पटलेली भांडी फोडून पुरली जात. त्या खड्ड्यांतील ठिकऱ्या जुळवूनही आज मिंगकालीन भांड्यांचा अभ्यास होतो.

इथली खास भट्टी म्हणजे अंड्याच्या आकाराची ‘झेनयाओ’. तिची विटांची कमान खालून आधाराचा सांगाडा न देता रचली जाते. पाइनच्या लाकडाने तापमान सुमारे १,३०० अंश सेल्सियसपर्यंत जाते, पण आत सगळीकडे सारखे नसते. म्हणून नाजूक भांडी कोठे आणि जाडीभरडी कोठे रचायची, हे भट्टी भरतानाच ठरते. आगीवर नजर ठेवणारा मुख्य कारागीर ज्वाळेच्या रंगावरून, कधी झरोक्यातून आत थुंकून, ताप जोखत असे.

विसाव्या शतकात आधी कोळसा व मग गॅस आल्यावर या भट्ट्या विझल्या. भट्टी मुळात टिकाऊ वास्तू नव्हेच. ती झिजली की पाडून नव्याने बांधत, आणि काढलेल्या विटा गल्ल्यांच्या भिंतींत लागत. त्यामुळे नुसता सांगाडा जपणे हे अर्धेच जतन ठरते. रचणारा आणि पेटवणारा कारागीरही टिकावा लागतो. इथली हातकामाची पद्धत २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आली. २००९ मध्ये छिंगकालीन धाटणीची झेनयाओ दुरुस्त करून पुन्हा पेटवली गेली; पुढे जुन्या काळच्या इतर प्रकारच्या भट्ट्याही उभारल्या गेल्या.

शाही भट्ट्यांच्या अवशेषांशेजारी वास्तुविशारद झू पेई यांनी रचलेल्या संग्रहालयाच्या कमानी भट्टीच्या आकाराच्या असून त्यांत भट्ट्यांच्या जुन्या विटाही वापरल्या आहेत. इमारत देखणी आहे. पण आगीची पारख तिथल्या दालनांत शिकता येत नाही. १९९० च्या दशकात सरकारी कारखाने बंद पडले. त्यांपैकी एकाच्या आवारात ताओशीचुआन हे कलाकेंद्र झाले असून देशभरातले तरुण कुंभार तिथे येतात. बहुतेकांचे काम गॅस किंवा विजेच्या भट्टीवर चालते.