टाकी आज न्या, मासे नंतर

आमच्याकडून नवीन टाकी घेणाऱ्या ग्राहकाला आम्ही त्याच दिवशी मासे देत नाही. मुलं हिरमुसतात, काही मंडळी रागावून दुसऱ्या दुकानात जातात, आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आलेल्यांची तर भलतीच पंचाईत होते. तरीही आम्ही हा नियम मोडत नाही. का, ते पुढे वाचा.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. विष्ठा आणि तळाशी कुजणारं खाणं त्यात भर घालतं. तळ्यात हा अमोनिया विरून जातो, टाकीत मात्र साचतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंचा थर जमलेला असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो आणि नायट्राइटमुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं. थोडं झाडं शोषून घेतात, बाकीचं पाणी बदललं की जातं. नव्याकोऱ्या टाकीत हे जिवाणू नसतात, आणि ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. “पाणी एकदम स्वच्छ होतं, तरी आठवड्याभरात सगळे मासे गेले,” ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पाणी स्वच्छ असेलही, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

टाकी कुठे ठेवाल

2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच टाकीत काठोकाठ भरल्यावर 56 लिटर पाणी मावतं. काच आणि खडे धरून वजन सत्तर किलोच्या घरात जातं. टीव्हीखालच्या हलक्या कपाटावर हा भार टाकू नका. टाकीखाली थर्माकोलचा शीट हवाच. ऊन थेट पडेल अशी जागा टाळा, नाहीतर पाणी हिरवं होतं. पंपाची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही. पहिल्या दिवशी नुसतं पाणी भरून रात्रभर ठेवा आणि गळती तपासा.

खडे, वाळू, पाणी

टाकी आणि खडे साध्या पाण्याने धुवा. साबण, भांडी घासायची पावडर, फिनेल यांचा हातही लागू देऊ नका. खडे बादलीत घेऊन, वरचं पाणी नितळ येईपर्यंत चोळून धुवायचे. आठ-दहा वेळा तरी धुवावे लागतात. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे पाणी जड करतात. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो दगड टाकीबाहेरच बरा.

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांना घातक आणि आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंनाही. पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून 24 तास ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला तर थेंब घालाच, नुसत्या साठवणीवर विसंबू नका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ते बहुधा जड असतं. अशा पाण्यात गप्पी आणि मोली मजेत राहतात, निऑन टेट्रा मात्र कुरकुरतात. आरओचं पाणी शुद्ध म्हणून तेवढंच भरणारे ग्राहकही भेटतात. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे नुसतं आरओचं पाणी नको.

मासे नसलेली टाकी चालू ठेवायची

हाच खरा टप्पा, आणि लोक नेमका हाच गाळतात. फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा. “रात्री आवाज होतो” म्हणून बंद करू नका, कारण वाहतं पाणी थांबलं की स्पंजवरचे जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात. भारनियमन असेल तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. पहिल्या काही दिवसांत पाणी दुधाळ दिसेल. घाबरून सगळं पाणी ओतून देऊ नका, ते आपोआप निवळतं.

हा काळ कमी करायचा असेल तर आमच्या मुरलेल्या टाकीतला वापरलेला स्पंज मागून घ्या. त्याचे पैसे नाहीत. ओला ठेवून थेट घरी न्या आणि फिल्टरमध्ये बसवा. गावच्या तळ्यातलं पाणी आणून ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यातून परजीवी येतात. टाकी नवी आहे म्हणून निळे थेंबही घालू नका. ते मिथिलीन ब्लू आहे, आजारी माशासाठी वेगळ्या भांड्यात वापरायचं. तयार होणाऱ्या जिवाणूंनाच ते मारक ठरतं.

दर आठवड्याला छोट्या स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी घेऊन या, आम्ही तपासून देतो. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट. खाणं टाकणं चालू असूनही दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. तेव्हा निम्मं पाणी बदला आणि मासे न्यायला या.

पहिल्या खेपेला 2 फुटी टाकीत चार-पाच गप्पी पुरेत. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश शुभ मानून मागणारे बरेच असतात. श्रद्धेबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाणही फार करतो, त्यामुळे एवढ्या टाकीत नऊ आम्ही देणार नाही. पिशवी वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी तिच्यात घाला आणि मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी लाइट बंद ठेवा, खाणं दुसऱ्या दिवशी द्या. पुढचे मासे दोन आठवड्यांनी, येताना पाण्याची बाटली आणायला विसरू नका.