दहावीचा निकाल आणि मास्तरांचा पगार

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगाव आणि चिक्कोडीत पहिला प्रश्न एकच: यंदा राज्यात कितवा नंबर? महसुली जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याने त्याचे दोन जिल्हे केलेत, त्यामुळे नंबरही दोन लागतात. नंबर खाली गेला की कमी निकालाच्या शाळांना कारणे दाखवा नोटिसा निघतात, मुख्याध्यापकांच्या बैठका होतात आणि वेतनवाढ रोखण्याचा इशारा दिला जातो. ‘पोरं पास झाली तरच मास्तरला पूर्ण पगार’ हे वाक्य गावच्या पारावरही ऐकू येतं. ही कल्पना आजची नाही. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होतं तिथे ती राबवूनही झाली आहे.

सुरुवात इंग्लंडात झाली. 1862 मध्ये तिथल्या सरकारात शिक्षणाचं खातं सांभाळणारे रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आणले. सरासरी हजेरीवर दर मुलामागे 4 शिलिंग. शिवाय वर्षात किमान 200 वेळा हजर राहिलेल्या मुलाची परीक्षा तपासनीस स्वतः घेणार, आणि त्यावर आणखी 8 शिलिंग. विषय तीनच: वाचन, लेखन, अंकगणित. मूल एका विषयात नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात, तिन्हींत नापास झालं की आठही शिलिंग गेले. पैसा शाळेच्या चालकांच्या हाती येई, पण कपातीचा भार अखेर मास्तरांच्या पगारावरच पडे. मग इतिहास, भूगोल, चित्रकला हे विषय मागे पडले, कारण त्यांना पैसे नव्हते. वाचनाचं पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं जाऊ लागलं. मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, आणि अध्यापन यांत्रिक होत चालल्याचं ते आपल्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहीत राहिले. 1890 नंतर हे नियम सैल होत गेले आणि शतक संपायच्या आत गेले.

आपल्याकडे 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचं तत्त्व आणलं आणि 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात त्या अनुदानाला निकालाची अट लागली. गावात ‘दिपोटी’, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, गैरहजर पोरांना घरून धरून आणलं जायचं. एका दिवसाच्या तपासणीवर वर्षाचे पैसे ठरायचे.

या पद्धतीवर सर्वांत नेमकं बोलले ते महात्मा जोतीराव फुले. सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला 19 ऑक्टोबर 1882 रोजी दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचे आकडेच मांडले: प्रशिक्षित शिक्षकाला 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात 15 ते 20. त्यानंतर त्यांनी सुचवलं की ज्या गावच्या शिक्षकाची बरीच मुलं पास होतात, त्याला उत्तेजन म्हणून पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा. ‘पगाराशिवाय’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. लो यांच्या योजनेत मूल नापास झालं की पैसे कापले जात, फुल्यांच्या योजनेत पोटापुरता पगार आधी पक्का आणि यशाचं वर वेगळं. त्याच निवेदनात त्यांनी दिपोटीच्या वर्षातून एकदाच होणाऱ्या फेरीचा काही उपयोग होत नाही असं सांगून तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, शिवाय अधूनमधून न कळवताही शाळेला भेट द्यावी, अशी मागणी केली. बक्षीस द्यायचं तर मोजमाप खरं हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

1904 च्या सरकारी शिक्षण ठरावानंतर निकालावरचं अनुदान मागे पडलं. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. मुंबई राज्याच्या नोकरीतले शिक्षक म्हैसूरच्या वेतनश्रेणीत आले आणि 1966 मध्ये स्वतंत्र परीक्षा मंडळ झाल्यावर इथली मुलं त्याच्या एसएसएलसीला बसू लागली. तेव्हापासून सरकारी शाळेतला पगार ठरतो तो श्रेणी, सेवेची वर्षं आणि महागाई भत्त्यावर. निकालाचा हात पगाराला लागतो तो एकाच वाटेने: वेतनवाढ रोखणे. पण 1957 च्या कर्नाटक नागरी सेवा शिस्त नियमांत ती शिक्षा म्हणून मोडते, म्हणजे आधी लेखी आरोप आणि शिक्षकाला आपलं म्हणणं मांडायची संधी देणं आलं. बक्षिसाची वाट या नियमांत नाहीच. फुल्यांची सूचना बाजूला राहिली आणि लो यांची कात्री तेवढी उरली.

आता ज्या निकालावर ही कात्री चालते, तो निकाल किती भरवशाचा? राज्याचा निकाल 2021 मध्ये, करोनाच्या सोप्या परीक्षेत, 99.99 टक्के होता. 2022 मध्ये 85.63, 2023 मध्ये 83.89. 2024 मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झालं आणि निकाल 73.40 वर आला, तोही सवलतीचे गुण 10 वरून 20 टक्क्यांपर्यंत वाढवल्यानंतर. एका वर्षात राज्यभरातले शिक्षक एवढे बिघडले असं कोणी म्हणणार नाही. बदलला तो कॅमेरा. या आकड्यावर पगार बांधला असता तर 2023 मध्ये कॉपी चालू देणाऱ्या शाळेला बक्षीस मिळालं असतं आणि प्रामाणिक केंद्राला शिक्षा.

सीमाभागातल्या मराठी शाळांत गोष्ट आणखी अवघड होते. पहिली अडचण पटाची. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यासारख्या विरळ वस्तीत दहावीच्या वर्गात 12 मुलं असली तर एक मूल नापास झालं की निकाल 8.3 टक्क्यांनी खाली येतो. शहरातल्या 120 मुलांच्या शाळेत त्याच एका मुलाने 0.8 टक्क्याचा फरक पडतो. म्हणजे लहान शाळेचा आकडा मास्तरांच्या मेहनतीपेक्षा त्या वर्षी वर्गात कोण होतं यावरच जास्त हलतो.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमाचं मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या लिहितं. 2015 च्या कायद्याने कन्नड प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून सक्तीची झाली आणि 2017-18 पासून ती इयत्तेमागून इयत्ता वर चढते आहे. कन्नड शिक्षकाची जागा रिकामी असेल तर वर्ष अतिथी शिक्षकावर निघतं, आणि त्याची नेमणूक शाळा सुरू झाल्यावर होते. गेलेल्या आठवड्यांचा हिशेब मागायचा कोणाकडे? गणिताच्या शिक्षकाचंही तेच. आठवीला येणाऱ्या मुलाला भागाकार येत नसेल तर ती उणीव पाच वर्षं आधीची असते, आणि नोटीस मात्र दहावीच्या शिक्षकाला येते.

आकड्याच्या धाकाने वर्गात काय होतं हे ‘पासिंग पॅकेज’मध्ये, म्हणजे पास होण्यापुरत्या निवडक अभ्यासात, दिसतं. विषयाच्या 100 गुणांत लेखी 80, अंतर्गत 20. 2025 पर्यंत पासाची रेषा 35 टक्क्यांची होती, म्हणजे लेखीत 80 पैकी 28 गुण लागायचे. पूर्वपरीक्षा झाली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर वर्गाची यादी येते आणि तिचे तीन भाग पडतात: नक्की पास, काठावरचे, आणि अवघड. काठावरच्यांना नकाशा, आकृत्या, ठरावीक प्रमेय, निबंध आणि पत्र असे हमखास येणारे प्रश्न काढून दिले जातात. पहाटेचे आणि संध्याकाळचे जादा तास त्यांच्यासाठीच. 18 गुणांचा मुलगा 28 वर आला की शाळेचा निकाल वाढतो. 60 वरून 75 वर गेलेल्या मुलीने तो आकडा हलत नाही, आणि 4 वरून 20 वर आलेल्या मुलानेही नाही. या शेवटच्या मुलावर शिक्षकाने सर्वांत जास्त कष्ट घेतलेले असतात, तरी हिशेबात त्याची किंमत शून्य. काही ठिकाणी अशा मुलाला नववीतच थांबवलं जातं किंवा बाहेरून फॉर्म भरायला सांगितलं जातं. पगाराची भीती वाढली की हे वाढणार, यात शंका नाही.

मग निकालावर पैसे देणं कुठेच चाललं नाही का? चाललं, पण अटींवर. 2005 पासून आंध्र प्रदेशच्या सरकारी प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी मोठा प्रयोग केला. बेंगळुरूची अझीम प्रेमजी फाउंडेशन त्यात होती. तिथे पगाराला हात लावला नाही. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी बाहेरच्या माणसांनी चाचणी घेतली, आणि मुलांच्या सरासरी गुणांत 5 टक्क्यांपेक्षा जास्त जी वाढ झाली तिच्या प्रत्येक टक्क्यामागे 500 रुपये बोनस दिला. सरासरी 40 वरून 50 वर गेली तर 5 टक्के सुटले आणि उरलेल्या 5 चे 2,500 रुपये. बोनस वार्षिक पगाराच्या सुमारे 3 टक्केच पडला, पण दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्हींत मुलं बोनस नसलेल्या शाळांच्या पुढे गेली. केनियात 1990 च्या दशकाअखेरीस परीक्षेच्या गुणांवर बक्षीस ठेवलं, तेव्हा शिक्षकांची हजेरी सुधारली नाही. परीक्षेआधीचे जादा तास वाढले आणि गुणांतली वाढ पुढे टिकली नाही.

या दोन्हींचा अर्थ सीमाभागातल्या शाळेपुरता असा लागतो. आठवीच्या जूनमध्ये दुसऱ्या क्लस्टरच्या, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांकडून चाचणी घ्यायची आणि दहावीला त्याच मुलांची वाढ मोजायची. पास-नापासाची रेषा सोडून प्रत्येक मुलाचे गुण धरायचे, म्हणजे 4 वरून 20 वर आलेलाही मोजला जाईल. शाळा सोडलेलं मूलही यादीत ठेवायचं. ज्या विषयाची जागा रिकामी होती, तो विषय त्या वर्षी वगळायचा. आणि 12 मुलांच्या शाळेचा आकडा एका वर्षाचा न धरता तीन वर्षांचा मिळून काढायचा. 36 मुलांत एका मुलाचं वजन 2.8 टक्क्यांवर येतं.