खडकाचा दावा आणि निर्णयवृक्षाचे गणित

कोल्हापूरच्या जमिनीखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. त्यामुळे मुरूम गृहीत धरून ठरलेल्या दरात पाया खोदताना मध्येच काळा पाषाण लागला, तर जादा खर्च कोणी सोसायचा, हा वाद येथे सहज उभा राहू शकतो. समजा, अशा खोदाईपोटी एका कंत्राटदाराने मालकाकडे ८० लाख रुपयांचा दावा केला आहे. वाटाघाटींना बसण्यापूर्वी दोघेही आपापल्या वकिलाला बहुधा एवढेच विचारतात, की आपण जिंकू का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६०च्या दशकात ज्याचे नामकरण केले, ते निर्णय-विश्लेषण या प्रश्नाची शक्यतांच्या फांद्यांत, म्हणजेच निर्णयवृक्षात, फोड करते.

करारानुसार खडकाला वेगळा दर मिळण्याची शक्यता ६० टक्के धरू. तो मिळाल्यास पूर्ण ८० लाख मान्य होण्याची शक्यता ३० टक्के आणि मोजमापात कपात होऊन ४० लाख मिळण्याची ७० टक्के. या दोन फांद्यांची भारित (शक्यतेनुसार वजन देऊन काढलेली) सरासरी ५२ लाख येते; तिचे ६० टक्के म्हणजे ३१.२ लाख. तडजोड न झाल्यास वाद लवादाकडे जाईल; त्याचा खर्च प्रत्येकी ६ लाख धरल्यास २५.२ ते ३७.२ लाखांमधला कोणताही आकडा दोघांनाही लवादापेक्षा परवडतो.

अडचण अशी, की दोघांचे अंदाज जुळत नाहीत. वेगळ्या दराची शक्यता कंत्राटदार ८० टक्के मानतो आणि मालक ४०. मग एकाला किमान ३५.६ लाख हवे असतात, दुसरा २६.८ लाखांपुढे सरकत नाही आणि बोलणी फिसकटतात. मात्र तडजोडीने दोघांचे मिळून १२ लाख वाचणार असल्यामुळे वेगळ्या दराच्या अंदाजांत सुमारे २३ टक्क्यांचे (१२ भागिले ५२) अंतर राहिले तरी व्यवहार जमू शकतो. पूर्ण एकमताची गरजच नसते, ही या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

पूर्ण रकमेची शक्यता ३० वरून ५० टक्के झाली, तरी मूळ सरासरी ४.८ लाखांनीच वाढते. दराच्या प्रश्नावरील मतभेदाने मात्र २०.८ लाखांचा फरक पडतो. म्हणून तयारीचा बराचसा वेळ करारातील दराचे कलम, निविदेसोबतचा माती-परीक्षण अहवाल आणि खडक लागताच दिलेली लेखी सूचना यांवर खर्च करावा. संयुक्त मोजमाप अर्थातच आधी झालेले हवे, कारण पाया भरल्यावर खडक कोणालाच दिसत नाही.

३१.२ लाख ही केवळ सरासरी आहे. या मांडणीत निकाल शून्य, ४० किंवा ८० लाखांचाच लागेल. बँकेचे हप्ते थकलेल्या कंत्राटदाराला शून्याची ४० टक्के शक्यता पेलवणार नसेल, तर २५ लाखांखाली राजी होणेही त्याच्यासाठी सयुक्तिक ठरते. किती खाली जायचे, हे त्याने बैठकीपूर्वीच ठरवावे आणि आपली निकड समोरच्याला कळू देऊ नये.