दरोड्यासह खून (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

दरोडा घालणाऱ्या टोळीपैकी एकानेही दरोड्याच्या वेळी खून केला, तर त्या खुनाबद्दल टोळीतील प्रत्येकाला शिक्षेस पात्र ठरवणारा फौजदारी अपराध. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो कलम ३९६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये आहे. शिक्षा फाशीची किंवा जन्मठेपेची असू शकते. तिसरा पर्याय सश्रम कारावासाचा असून, जुन्या कायद्यात त्याची कमाल मर्यादा दहा वर्षे होती आणि नव्या कायद्यात तो किमान दहा वर्षांचा आहे.

बोलण्यात चोरी, लूट आणि दरोडा हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजेच दरोडा. चौघांनी घर लुटून खून केला, तर खून प्रत्यक्ष न करणाऱ्यांवर तो लादण्यासाठी सामाईक इरादा किंवा कट सिद्ध करावा लागतो. पाच जण असले की दारात पहारा देणाराही खुनाच्या शिक्षेस पात्र होतो. हे कलम कठोर आहे, आणि म्हणूनच फाशी देताना प्रत्येक आरोपीचा वाटा न्यायालयाने वेगळा तपासणे अत्यावश्यक ठरते. पुराव्याची भिस्त बहुधा मुद्देमालावर असते : सराफाकडे सापडलेले दागिने, त्यांचा पंचनामा, ओळख परेड. चोरीचा माल लगोलग ज्याच्याजवळ सापडतो, त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. परंतु मालाचा ताबा आणि खुनातील सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीमाभागात या अपराधाला आणखी एक बाजू आहे. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि येथील सत्र न्यायालयाने दिलेली फाशी कायम करण्यासाठी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र वगळला जाऊन कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी येथील प्रकरणे बेंगळुरूला जाऊ लागली. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाल्यावर ती तेथे जातात. चंदगडचा खटला कोल्हापूरच्या अखत्यारीत आला. एकाच मुलखातील, एकाच भाषेत बोलणाऱ्या शेजारी गावांतील गुन्ह्यांच्या वाटा अशा फुटल्या.

त्या पूर्णपणे मात्र तुटल्या नाहीत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १८१ नुसार दरोड्यासह खुनाचा खटला गुन्हा घडला त्या ठिकाणी किंवा आरोपी सापडला त्या ठिकाणी, दोन्हींकडे चालू शकत होता. फिरत्या टोळ्यांसाठी केलेली ही तरतूद सीमेवर विशेष महत्त्वाची ठरते, कारण तालुक्याची हद्द ओलांडणे म्हणजे येथे राज्य ओलांडणे असते.

भाषेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. न्यायालयाची भाषा राज्य सरकार ठरवते. आरोपीला ती समजत नसल्यास खुल्या न्यायालयात साक्ष त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि निकालपत्राचे शक्य असल्यास स्वभाषेतील भाषांतर मागण्याचाही आरोपीला हक्क आहे. ज्याच्या गळ्याशी दोर आहे अशा मराठी आरोपीच्या बाबतीत या दोन तरतुदी केवळ औपचारिक मानता येणार नाहीत.

१९७४ पासून फाशीसाठी न्यायालयाला विशेष कारणे नोंदवावी लागतात. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचनसिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी घालून दिली. लुटीसाठी खून म्हटले की मराठी वाचकाला पुण्याचा जोशी-अभ्यंकर खटला आठवतो. त्यातील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. कर्नाटकातील फाशीची शिक्षा बेळगावलगतच्या हिंडलगा मध्यवर्ती कारागृहात अमलात येते, आणि तेथील शेवटची फाशीही १९८३ मधीलच आहे. बेंगळुरू परिसरात लुटीसाठी खून करणाऱ्या दंडुपाळ्य टोळीतील कैदी पुढे याच कारागृहात होते. चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज फेटाळले गेल्यानंतर २०१३ मध्ये सर्वांचे लक्ष हिंडलग्याकडे लागले होते. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दयेच्या अर्जांवरील निर्णयाला झालेल्या प्रदीर्घ विलंबामुळे, त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली.