पिशवीवर पेठ नसते

शिवजयंतीला तालमीत रक्तदान शिबिर होतं. रांगेत माझ्या पुढं एक पैलवान उभा होता. कान मोडलेले, गर्दन भरलेली, मनगट माझ्या दुप्पट. रक्तपेढीच्या ताईंनी त्याच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेच्या बारीक नळीत ओढला आणि मोरचुदाच्या निळ्याभोर पाण्यात सोडला. थेंब थोडा खाली गेला, मध्येच रेंगाळला आणि हळूहळू वर आला. "दादा, यंदा नको. हिमोग्लोबिन कमी आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या," ताई म्हणाल्या. पैलवानाचा चेहरा उतरला. माझ्या मागं मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या, अंगानं काटकुळ्या. त्यांचा थेंब गोटीसारखा सरळ तळाला गेला. "गेला की गं!" म्हणत त्या खाटेवर जाऊन आडव्याही झाल्या.

ही चाचणी मला फार आवडते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं द्रावण मुद्दाम पाण्याच्या १.०५३ पट जड केलेलं असतं. रक्तात हिमोग्लोबिन जितकं जास्त तितकं रक्त जड. शंभर मिलिलिटरमागं १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल तर थेंब पंधरा सेकंदांच्या आत बुडतो, कमी असेल तर तरंगतो. पैलवानाच्या अंगातलं हिमोग्लोबिन कमी पडलंय हे त्याच्या छातीच्या मापावरून कुणाला कळलं नसतं. मावशी मात्र सगळ्या बायकांच्या वतीनं पास झाल्या असं म्हणता येत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. द्यायची इच्छा असूनही कितीतरी बायका या निळ्या पाण्यावरूनच परत जातात.

कोल्हापुरात पेठेची ईर्षा काय असते ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. फुटबॉलचा सामना असला की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ म्हणजे जणू दोन देश. पण त्या दिवशी शेजारशेजारच्या खाटांवर दोन्हीकडची पोरं आडवी झाली होती. मुठीत चेंडू दाबत होती, बाजूला पिशव्या यंत्रावर झुलत होत्या. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत सायट्रेटचं द्रावण असतं, ते नीट मिसळावं म्हणून हे झुलणं. पिशवीच्या चिठ्ठीवर क्रमांक, गट, तारीख. पेठ नाही, आडनाव नाही.

गट म्हणजे नेमकं काय, हे एकदा डोळ्यांनी बघायला हवं. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब ठेवतात. एकात निळं औषध घालतात, दुसऱ्यात पिवळं. पहिल्यातलं रक्त दूध नासावं तसं फुटलं, दाणे धरले, की ए गट. दुसऱ्यातलं फुटलं की बी. दोन्ही फुटले तर एबी, एकही नाही फुटला तर ओ. यातल्या ए, बी आणि ओ गटांचा शोध व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडला. त्याआधी माणसाला माणसाचं रक्त चढवलं तर कधी जगायचा, कधी दगावायचा आणि कारण कुणालाच कळत नसे.

फरक कशात, तर तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाच्या एका कणात. बी गटाच्या साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं. गंगावेशीत पहाटे म्हशीची धार काढून देतात ते दूध आपण पितो, त्यातल्या साखरेचा अर्धा भाग हाच गॅलॅक्टोज. ए गटात त्याचाच थोडा बदललेला भाऊ असतो. ओ गटात ती जागा मोकळी. बस, एवढाच फरक! आणि तो माणसांमधल्या कुठल्याही भिंतीपेक्षा जुना आहे. ए आणि बी हे भेद गिबन माकडांतही आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार माणसाचे आणि गिबनचे पूर्वज वेगळे व्हायच्या आधीपासून, म्हणजे निदान दोन कोटी वर्षं, हे भेद चालत आले आहेत. जात, धर्म, गाव, पेठ हे सगळं त्यापुढं कालपरवाचं.

पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सलोनिकाच्या आघाडीवर अनेक देशांचं सैन्य एकत्र आलं होतं. तिथं लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर नवरा-बायकोनं आठ हजारांवर लोकांचे गट तपासले. त्यात भारतीय शिपाईही होते. बी गटाचं प्रमाण भारतीयांत सगळ्यात जास्त निघालं, युरोपियनांत ए जास्त. या आकड्यांवरून माणसांचे वंश पाडता येतील असा त्यांचा अंदाज होता. पण त्याच तक्त्यात दुसरी गोष्टही उघड दिसत होती. सगळे गट सगळ्या लोकांत होते. प्रमाण बदलत होतं, माल तोच होता.

त्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९१९ साली छापून आला. त्याच वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात हुकूम काढला की दवाखाने, शाळा, पाणवठे अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यतेचा विटाळ मानायचा नाही. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण आज दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापासून चालत सीपीआर रुग्णालयाच्या दिशेनं निघालो, की हे वर्ष मला हटकून आठवतं.

पुढं १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांचीच जगभरची माहिती घेऊन हिशेब मांडला. माणसामाणसांतल्या जनुकीय वैविध्यापैकी साधारण ८५ टक्के वैविध्य कुठल्याही एकाच समाजाच्या आत सापडतं. आपल्या गल्लीतली माणसं एकमेकांपासून जितकी वेगळी, त्यात सगळं जग घेतलं तरी थोडीच भर पडते.

हे सारखेपण झालं. पण मला जास्त हलवून जातं ते त्याच्या पुढचं. बाप ए गटाचा, आई बी गटाची आणि दोघांकडंही ओ चा एकेक वारसा असेल, तर त्यांचं मूल ओ गटाचं होण्याची शक्यता चारात एक. त्या मुलाच्या रक्तात ए विरुद्ध आणि बी विरुद्ध, दोन्ही प्रतिपिंडं, म्हणजे त्या गटांच्या पेशींवर तुटून पडणारी प्रथिनं, असतात. म्हणजे पोराला रक्त लागलं तर आई-बापाच्या तांबड्या पेशी चालत नाहीत, दोघांच्याही! गल्लीपलीकडचा अनोळखी ओ गटवाला चालतो.

आणि गट जुळला तरी नात्यातलं रक्त डॉक्टर सहसा टाळतात. बापाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या अंगात गेल्या तर शरीराला त्या घरच्याच वाटू शकतात. एरवी परक्या पेशींना ते हुसकून लावतं, इथं गाफील राहतं. मग त्या पेशी टिकतात, वाढतात आणि मुलाच्याच कातडीवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर उठतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर रोगी वाचणं फार अवघड. म्हणून जवळच्या नातेवाइकाची पिशवी द्यायचीच झाली तर आधी तिच्यावर किरणांचा मारा करून त्या पेशी निकामी करतात. "आमचं आम्ही बघू, घरातलेच देऊ" असं म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं. या एका बाबतीत परका माणूस घरच्यापेक्षा सुरक्षित असतो.

रक्त कारखान्यात बनत नाही. आपली अस्थिमज्जा सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करते, तेवढ्याच जुन्या मोडीत निघतात. हे काम एवढ्या प्रमाणात बाहेर कुणाला अजून साधलेलं नाही. भारतात १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकायलाही बंदी आहे. म्हणजे पिशवी भरायची तर कुणीतरी दंड पुढं करायलाच लागतो. साठवूनही फार भागत नाही. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठवून वर्षभर राहतो, तांबड्या पेशी थंडीत पाच-सहा आठवडे, पण प्लेटलेट्स २२ अंशांत सतत हलवत ठेवूनही फक्त पाच दिवस.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४३ फुटांची. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर कित्येक दिवस तुटलं. दूध, पेट्रोल सगळ्याचीच ओढाताण झाली. पाच दिवस टिकणाऱ्या वस्तूचा विचार अशा वेळी करून बघावा. ती पुण्याहून येणार नसते. ती त्या पाण्याच्या आत अडकलेल्या माणसांच्याच अंगात असते.

'बॉम्बे' नावाचा दुर्मीळ रक्तगट तर याहून अडचणीचा. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये मुंबईत नोंदवला. या माणसांत साखरेच्या साखळीचा पायाच घातलेला नसतो, त्यामुळं त्यांना ओ सुद्धा चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ३८ लाखांच्या पुढं होता, म्हणजे नुसत्या हिशेबानं इथं चारशेच्या आसपास माणसं असावीत. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःलाही ते माहीत नसणार, कारण साध्या तपासणीत त्यांचा गट ओ असाच दिसतो.

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पोरांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वर्षाला पंधरा-वीस वेळा. वाढदिवस, सहामाही, गणपती, सगळं त्या तारखांच्या मधून बसवायचं. दिलेली पेशी त्या पोराच्या अंगात दोनएक महिने चालते आणि संपते. माझी शिवजयंतीची पिशवी आणखी काही महिन्यांत कुणाच्याच अंगात उरलेली नसेल. तोवर माझ्या मज्जेनं माझी तूट कधीच भरून काढलेली असेल. पुरुषाला नव्वद दिवसांनी पुन्हा देता येतं, बाईला एकशेवीस.

मावशींनी कॉफी घेतली, बिस्किटं नातवासाठी पदरात बांधली आणि ताईंना विचारलं, "आता पुन्हा कधी येऊ?" ताईंनी कार्डाच्या मागं तारीख लिहून दिली. पैलवान दाराशी थांबला होता. त्याच्या हातात लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी होती. त्यानंही आपलं कार्ड पुढं केलं.