नोटीस पे भरला म्हणून बॉण्ड फिटत नाही

मुलाखतीत डेव्हलपमेंटचे काम सांगितलेले असते, प्रत्यक्षात सपोर्टची रात्रपाळी वाट्याला येते, आणि दोन-तीन महिन्यांत राजीनाम्याचा विचार सुरू झाला की जो तो विचारतो, ‘प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची?’ प्रश्न रास्त आहे. पण अपॉइंटमेंट लेटरला जोडलेला बॉण्ड न वाचताच तो विचारला जातो आणि सगळा घोळ तिथे होतो.

नोटीस पिरियडबद्दल फार सांगायला नको. ठरलेले दिवस भरावेत, किंवा करारात तशी सोय असेल तर तेवढ्या दिवसांचा पगार, म्हणजे ‘नोटीस पे’, भरून मोकळे व्हावे.

बॉण्डमध्ये मात्र ठरावीक काळ नोकरी करण्याची आणि ती आधी सोडल्यास ठरावीक रक्कम देण्याची कबुली असते. ही देणी स्वतंत्र आहेत, त्यामुळे नोटीस पे भरल्याने बॉण्ड आपोआप फिटत नाही. उलट टोकाची भीतीही तितकीच निराधार आहे: कोणाकडून बळजबरीने नोकरी करून घेण्याचा आदेश न्यायालये देत नाहीत, त्यामुळे वाद उरतो तो पैशांचा. तिथेही करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ नुसार बॉण्डमधला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच रक्कम मिळू शकते. चार दिवस स्लाइड्स दाखवून त्याला ‘प्रशिक्षण’ म्हणणाऱ्या कंपनीने दोन लाख मागितले, तर हिशेब जरूर विचारावा.

तरीही नोकरी-धंद्याला आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवणाऱ्या, याच कायद्यातल्या कलम २७ चा हवाला देऊन ‘बॉण्ड बेकायदाच असतो’ असे ठोकून देणारे व्हॉट्सॲपवरचे सल्ले मला मुळीच पटत नाहीत. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करण्यासाठी लागणारा खर्च आणि वेळ न्यायालयाने त्यात विचारात घेतला.

काम मनासारखे नाही, एवढ्या कारणावर यांपैकी कोणतेच देणे माफ होत नाही. खोटी माहिती देऊन संमती मिळवली असेल तर कलम १९ नुसार करार रद्द ठरवून घेता येऊ शकतो. पण त्यासाठी ‘एचआर फोनवर म्हणाल्या होत्या’ एवढ्यावर भागणे कठीण, कामाचे स्वरूप सांगणारा ईमेल हाताशी हवा. शिवाय खरे काय ते कळल्यावरही वर्षभर मुकाट्याने पगार घेत राहिल्यास हा दावा ढिला पडतो.

मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणाऱ्या कंपन्यांची मला मनस्वी चीड आहे, आणि न कळवता गायब होणाऱ्या उमेदवारांचीही. राजीनामा लेखी द्यावा, आणि ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाच्या, कागदावर नुसते ‘रिकव्हरी’ असे लिहून एकच रक्कम कापलेली दिसली, तर त्यात नोटीसचे किती व बॉण्डचे किती, याची फोड लेखी मिळाल्याखेरीज सही करू नये.